शासन वनणणय : नमुन्यातून निघालेला कागद कोण वाचतो?

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



व्याख्यानमालेत समीक्षा म्हटली की समोर कादंबरी असते, कवितासंग्रह असतो, फार तर एखादं नाटक. आज आम्ही समीक्षेला घेतलंय ते शासन निर्णयाला. ज्याला आपण सगळे 'जीआर' म्हणतो, तो. महाराष्ट्रात सर्वांत जास्त फॉरवर्ड होणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा मराठी गद्यप्रकार कोणता असं कुणी विचारलं, तर आमचं उत्तर हेच असेल.

आणि शीर्षकात छपाईची चूक नाहीय, हे आधीच सांगून टाकतो. 'वनणणय' असंच लिहायचंय. तुमच्या मोबाइलवर एखाद्या जीआरची पीडीएफ असेल तर उघडा. पहिल्या पानावरचं 'शासन निर्णय' हे मोठ्या अक्षरातलं शीर्षक बोटानं निवडा, कॉपी करा आणि कुठल्याही कोऱ्या संदेशात चिकटवा. अनेक निर्णयांच्या बाबतीत तिथं 'शासन वनणणय' असं उमटेल. 'विभाग'चं 'ववभाग' होईल, 'जिल्हा'चं 'वजल्हा' होईल. डोळ्याला दिसतंय एक आणि फाइलच्या पोटात आहे दुसरंच. आजचं आमचं सगळं म्हणणं या फटीबद्दल आहे.

आधी या कागदाची रचना बघू. समीक्षेत पहिली पायरी तीच असते.

वर विषय. मग 'महाराष्ट्र शासन', विभागाचं नाव, निर्णय क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता, तारीख. मग 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची आणि पत्रांची यादी. मग 'प्रस्तावना'. मग पुन्हा 'शासन निर्णय' असं ठळक शीर्षक आणि त्याखाली मूळ गाभा. शेवटी हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचं वाक्य, त्याचा १८ आकडी संकेतांक, डिजिटल स्वाक्षरीचा उल्लेख, आणि 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्याखाली अधिकाऱ्याचं नाव. मग 'प्रत' कुणाकुणाला, ती लांबलचक यादी, आणि तिच्या तळाला 'निवडनस्ती'.

यातला एकही भाग उगीच नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. राज्यपालांच्या नावाची ओळ शोभेची नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानं व्यक्त व्हावी लागते, ती तिथून आलीय. संकेतांकाचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस सांगतात, म्हणजे नुसता आकडा बघून कागद कधीचा ते कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा संग्रह सगळ्यांना खुला आहे. लॉग-इन नाही, फी नाही. आजऱ्यातला माणूस आणि मंत्रालयातला माणूस एकच फाइल उघडतो. पूर्वी जीआरची झेरॉक्स मिळवायला ओळखीचा कारकून लागायचा. ती ओळख आता लागत नाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि पुढची सगळी टीका ही गोष्ट मानूनच आहे.

आता हा साचा आला कुठून? वर्ड प्रोसेसर आला आणि साचे आले असं आपल्याला वाटतं. पण आपल्या कोल्हापुरात तरी असं म्हणायची सोय नाही. इथल्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रं आहेत. मोडी पत्र वाचायला शिकणाऱ्याला पहिल्यांदा काय शिकवतात? मायना. कुणाला लिहिताना कुठली पदवी, कुठं तारीख, कुठं शिक्का. मधला मजकूर नंतर. वर शिक्का आणि मजकूर संपला तिथं मोर्तब. मोर्तब कशासाठी, तर त्याच्या खाली कुणी काही घुसडू नये म्हणून. आपण रोज 'शिक्कामोर्तब' म्हणतो ते यातूनच आलंय. दप्तरात नोंद झाली की पत्रावर 'रुजू', 'बार' असे शेरे पडायचे. आजचा संकेतांक काय करतो? तेच. डिजिटल स्वाक्षरी काय करते? तेही मोर्तबच. सही झाल्यावर फाइलीत एक अक्षर बदललं तरी सही मोडते.

म्हणजे नमुना वाईट, यंत्र वाईट, असं आमचं म्हणणं नाही. चांगला नमुना लिहिणाऱ्याची मेहनत वाचवतो आणि वाचणाऱ्याची फसवणूक टाळतो. प्रश्न एवढाच आहे की नमुना करताना आपण कुठल्या गोष्टी पक्क्या केल्या आणि कुठल्या वाऱ्यावर सोडल्या.

तुलनेसाठी एक जुना कागद घेऊ. २६ जुलै १९०२ चा. राजर्षी शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते, आणि करवीर सरकारच्या गॅझेटात तो आदेश निघाला. मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के राखून ठेवण्याचा. त्याचं ऐतिहासिक मोल आपण दरवर्षी सांगतो. आम्ही आज तो फक्त कागद म्हणून बघतोय.

त्यात काय काय आहे? कारण आहे : शिक्षणाच्या प्रसाराचे आजवरचे प्रयत्न पुरेसे ठरले नाहीत, कारण शिकलेल्यांना मिळणारं फळ सगळ्यांत वाटलं जात नाही. निर्णय आहे : ५० टक्के. कधीपासून, ते आहे : आदेश पोचल्यापासून. कमी प्रमाण असलेल्या खात्यात काय करायचं, तर पुढची नेमणूक मागासवर्गातलीच. 'मागासवर्ग' म्हणजे कोण, याची व्याख्या त्याच कागदात. आणि शेवटी, हे झालं की नाही ते कळणार कसं? तर प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. बस्स. छोटासा कागद. वाचणाऱ्याला दुसरा कुठला कागद शोधावा लागत नाही.

याउलट आजचा एखादा निर्णय घ्या. 'वाचा' खाली सात संदर्भ. गाभ्यात वाक्य असं, की संदर्भ क्रमांक ३ येथील निर्णयातील परिच्छेद ४(ब) ऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे. आता तुम्ही संदर्भ ३ शोधा. तो मिळाला तर त्यात पुन्हा 'वाचा'. शब्द आज्ञार्थी आहे, 'वाचा'! पण वाचायचं कसं, ते सांगत नाही. नुसता क्रमांक आणि तारीख. त्यावर बोट ठेवून मूळ कागद उघडेल अशी सोय बहुतेक वेळा नसते. आणि जुना कागद उघडला तरी, हा पुढं अधिक्रमित झालाय, असा शेरा त्याच्या आत असणार नाही. असूच शकत नाही. त्यावर मोर्तब झालंय ना! म्हणून ती माहिती फाइलीच्या बाहेर, संग्रहाच्या यादीत असायला हवी. मोडी दप्तरात ती दप्तरदाराच्या डोक्यात किंवा वहीत असायची. सामायिक ऑनलाइन संग्रहात ती कुणाच्या डोक्यात नसते. तिथं ती लिहून ठेवली तरच आहे.

इथं थोडं तांत्रिक बोलावं लागेल. कंटाळू नका, लगेच परत येतो.

आज कुठल्याही कार्यालयात पत्रं कशी निघतात? वर्डमध्ये एक नमुना. एक्सेलमध्ये नावांची यादी. मेल मर्ज केलं की दोनशे माणसांना दोनशे पत्रं. तयार फाइली गूगल ड्राइव्हवर नाहीतर शेअरपॉइंटवर ठेवल्या की सगळ्यांना दिसतात. काम दहा दिवसांचं दहा मिनिटांत. यात तीन ठिकाणी खड्डे आहेत, आणि तिन्ही ठिकाणी माणसं पडलेली आहेत.

पहिला खड्डा पत्त्याचा. मेल मर्जच्या फाइलीत यादीचा पत्ता लिहिलेला असतो, तो 'सी ड्राइव्ह'मधल्या अमुक फोल्डरचा. फाइली ऑनलाइन हलवल्या की नमुना जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. ज्यानं मॅक्रो लिहून दिला तो 'मी आहे त्याच फोल्डरात बघ' असं लिहून गेलेला असतो. ऑनलाइन संग्रहात 'मी आहे तिथं' याचं उत्तर फोल्डर नसतं, वेब पत्ता असतो, आणि मॅक्रो गळपटतो. ब्राउझरमध्ये उघडलेल्या वर्डमध्ये तर मॅक्रो चालतच नाही. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केलीय, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण कार्यालयात कळतं एवढंच, की 'काल चालत होतं, आज चालंना.'

दुसरा खड्डा मूळ नमुन्याचा. पूर्वी नमुना एका संगणकावर असायचा. आता सामायिक फोल्डरात कुणीतरी नमुनाच उघडतो, त्यात थेट एका माणसाचं नाव टाइप करतो, आणि आपोआप जतन होण्याची सोय चालू असल्यानं तो नमुना त्या माणसाचाच होऊन बसतो. पुढच्या पत्रात वर नाव एकाचं, खाली रक्कम दुसऱ्याची.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल, आणि तो आम्ही स्वतः पाहिलाय. नाव घेत नाही, एक शिक्षणसंस्था म्हणू. तिथं सेवेत कायम केल्याची पत्रं नमुन्यातून निघाली होती. नमुन्यात दिनांकाच्या जागी वर्डची आपोआप बदलणारी तारीख बसवलेली. म्हणजे फाइल ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची तारीख. पत्रं छापली, वाटली, सगळं ठीक. दोन वर्षांनी एका शिक्षिकेची छापील प्रत पावसात भिजून गेली. त्यांनी दुसरी मागितली. कार्यालयानं सामायिक फोल्डरमधून फाइल उघडली, छापली, सही-शिक्का केला, दिली. त्या पत्रानुसार बाई त्या दिवसापासून कायम! मधली दोन वर्षं गायब. कुणी लबाडी केली नव्हती. फाइलीला कुणी हातही लावला नव्हता. फाइल आपली आपणच खोटं बोलत होती. बाईंना वाचवलं ते जावक रजिस्टरनं. निळ्या शाईत, हातानं लिहिलेला जावक क्रमांक आणि खरी तारीख.

वर्डमध्ये जतन केल्याची तारीख किंवा फाइल तयार झाल्याची तारीख बसवायची सोय आहे. किंवा सरळ हातानं टाइप करा. पण ज्यानं नमुना केला त्याच्या डोळ्यांपुढं छापील कागद होता, दोन वर्षांनी फाइल उघडणारा माणूस नव्हता. आमच्या मते सगळ्या नमुन्यांचा मूळ दोष हाच आहे. नमुना पहिल्या वाचकासाठी केलेला असतो. आणि सामायिक संग्रह तर असतोच मुळी नंतरच्या वाचकासाठी.

आता परत 'वनणणय'कडं.

जुन्या काळात, म्हणजे फार जुन्या नाही, श्री-लिपी, कृतिदेव असे फॉन्ट वापरून मराठी टाइप व्हायचं. फाइलीत साठवलेले असायचे रोमन अक्षरांचे संकेत, फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. फॉन्ट नसला की कचरा. युनिकोडनं हे संपवलं. 'न'ला 'न'चाच क्रमांक, फॉन्ट कुठलाही असो. मग आज युनिकोडमध्ये टाइप करूनही 'वनणणय' कसं होतं?

वर्डमधून पीडीएफ करताना. पीडीएफ मुळात अक्षरांचे आकार साठवते. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता सोबत जावा लागतो. इंग्रजीत ए म्हणजे ए, सोपं आहे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारतो नंतर आणि काढतो आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरांचे आकार वेगळेच. तक्ता अपुरा किंवा चुकीचा असला की वेलांटीच्या आकाराला 'व' म्हटलं जातं आणि रफाराला 'ण'. म्हणून 'निर्णय' : वेलांटीचा व, मग न, मग ण, रफाराचा आणखी एक ण, मग य. वनणणय. 'संकेतांक'मधला शेवटचा अनुस्वार गळून 'संके ताक' उरतो. ताक! ज्या शब्दानं कागद शोधायचा तोच शब्द नासलेला.

यात एक मजा बघा. ६ नोव्हेंबर २००९ रोजी शासनानं मराठी वर्णमाला आणि अक्षरांची प्रमाण वळणं ठरवणारा निर्णय काढला. 'ल' पाकळीचा असावा, 'श'ला देठ असावा, इतक्या बारकाईनं. १० नोव्हेंबर २०२२ ला तो अद्ययावत केला. डोळ्याला दिसणाऱ्या 'श'च्या देठाची एवढी काळजी आपण घेतली. चांगलंच केलं. पण त्याच डौलदार 'श'च्या पोटातलं अक्षर बरोबर आहे का, हे तपासणारी पायरी नमुन्यात नाही.

हसण्यावारी न्यायची गोष्ट ही नाही. कुणाचं काय बिघडतं, सांगतो.

एक, शोधणाऱ्याचं. शीर्षकात शब्द असला तर निर्णय सापडतो. पण राधानगरीच्या आडगावातल्या मुख्याध्यापकाला शिष्यवृत्तीची अट पाहायचीय आणि ती वीस पानांच्या फाइलीत बाराव्या पानावर आहे. तो 'शिष्यवृत्ती' टाकून शोधतो. फाइलीत आहे 'वशष्यवृत्ती'. उत्तर येतं : काही सापडलं नाही. तो समजतो, तरतूद नाही. कागद आहे, तरतूद आहे, आणि मूल शिष्यवृत्तीविना राहतं.

दोन, ऐकणाऱ्याचं. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर ऐकतो. त्याला पानावरचा सुबक 'श' दिसत नाही, त्याला पोटातलंच ऐकू येतं. कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी शेकडो मुलं आहेत. त्यातला एखादा न दिसणारा मुलगा हेडफोन लावून बसलाय आणि त्याच्या कानात पडतंय 'ववभाग', 'वजल्हा', 'वनणणय'. पान पान असं ऐकून बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४२ सांगतं की मजकूर सुगम्य स्वरूपात मिळाला पाहिजे. त्या कायद्याबद्दलचा एखादा कागदच असुगम्य निघाला, तर त्याला काय म्हणायचं?

तीन, उद्याच्या वाचकाचं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ अभिलेखांची सूची करून, ते संगणकीकृत करून, जाळ्यातून उपलब्ध करा म्हणतं. यंत्रांनी मराठी वाचायची म्हटलं तर शासनाचं गद्य हा केवढा मोठा ठेवा! त्यात 'वनणणय' भरलेलं असेल तर यंत्र मराठी कसली शिकणार?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. मंत्रालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, "अहो, कायद्याला दिसतं ते पान लागतं. सही त्यावर आहे. कॉपी-पेस्टची जबाबदारी शासनाची कशी?" दुसरं, खालच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं ते सहीचं, क्रमांकाचं, प्रतींच्या यादीचं. तो तेवढंच तपासणार. त्याचं चूक नाही.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. चूक त्या कारकुनाची नाहीच. पण म्हणूनच तर ती नमुन्यात जायला हवी! क्रमांक कसा विसरत नाही? नमुन्यात जागा आहे म्हणून. 'पृष्ठ ३ पैकी २' कसं चुकत नाही? ते यंत्र घालतं म्हणून. कार्यालयाला ज्याची गरज होती ते सगळं आपण नमुन्यात पक्कं केलं. वाचणाऱ्याला ज्याची गरज आहे ते माणसाच्या आठवणीवर सोडलं. शाहू महाराजांच्या आदेशात तिमाही तक्त्याचं कलम होतं ना? आदेश पोचला का, त्यानं काम केलं का, हे विचारायची सोय आदेशाच्या आतच होती. आजच्या नमुन्यात ती नाही.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही.

पीडीएफ करून झाली की तिच्यातली दोन वाक्यं कॉपी करून कोऱ्या फाइलीत चिकटवायची. बरोबर उमटली तरच सही. अर्धा मिनिट लागतो. नाही उमटली तर पीडीएफ करायची पद्धत किंवा फॉन्ट बदलायचा. 'वाचा' खालच्या प्रत्येक संदर्भाला त्याचा संकेतांक आणि दुवा द्यायचा. जुना निर्णय अधिक्रमित झाला की संग्रहाच्या यादीत त्याच्यासमोर तसं लिहायचं. शेअरपॉइंटसारख्या संग्रहात त्यासाठी स्वतंत्र स्तंभ करता येतो, आवृत्त्यांचा इतिहासही राहतो. नमुना फक्त वाचण्यापुरता खुला ठेवायचा. आणि आपल्या कार्यालयातली मंडळी इथं बसली असतील तर उद्या सकाळी पहिलं काम : आपल्या पत्रांच्या नमुन्यात तारीख आपोआप बदलणारी आहे का ते बघा. तारखेवर क्लिक केल्यावर ती करड्या रंगात उठून दिसली तर समजा, गडबड आहे.

आणि जावक रजिस्टर बंद करायची घाई करू नका, एवढी विनंती. त्या बाईंची दोन वर्षं त्यात सापडली होती.

आता प्रश्न घेऊ. मागं बसलेल्यांनी जरा मोठ्यानं विचारा.